सत्कार झालेला जर्मनीकर

वीरधवलच्या घरातलं माणूस परगावी जायचं ते पलटणीत, नाहीतर लग्नाच्या वऱ्हाडात. आजोबा सुभेदार, वडील लालासाहेब हवालदार होऊन निवृत्त, लोणंदजवळ बागायती ऊस. त्यामुळे पोराने सांगलीच्या एका कॉलेजात संशोधनाची एम.एस्सी. घेतली आणि तिच्या जोडीला जर्मन भाषा, तेव्हा तो नेमकं काय शिकतोय हे घरात कुणालाच कळलं नाही. जर्मनी तेवढं कळलं.

पदवीची अट साधी होती. जत तालुक्यातल्या साठ विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करायचा, जर्मनची परीक्षा द्यायची, आणि जर दोन्ही जमलं तर सहा महिने तिकडच्या प्रयोगशाळेत जायचं. यातला ‘जर’ वीरधवलने घरी कधी सांगितलाच नाही. जतचं ऊन त्याला सोसवेना आणि वस्त्यांवरचं कन्नड कळेना. परदेशी भाषा शिकणाऱ्याने मेंढपाळांची भाषा शिकायची म्हणजे त्याला कमीपणा वाटे. मग त्याने सांगलीत पंख्याखाली बसून सरकारी कागदांवरून विहिरींचे आकडे भरले. मार्गदर्शक सरही पंख्याखालीच बसून सह्या करत, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

आमच्या भागात काम होण्याआधी सत्कार उरकून घ्यायची पद्धत आहे. परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच गावाच्या वेशीवर फ्लेक्स चढला. विमान, विमानाच्या शेपटीशी गॉगल लावलेला वीरधवल, आणि खाली एकवीस शुभेच्छुक. फ्लेक्सवाला धोंडिराम लालासाहेबांचा भाऊबंद, त्यामुळे त्याचा फोटो विमानाच्याही वर.

सत्काराच्या दिवशी फेटा बांधून होत होता तेवढ्यात वीरधवलच्या मोबाइलवर निकाल आला. लेखी पास, बोलण्यात नापास. म्हणजे जर्मनी रद्द.

‘आबा, जरा बोलायचं हुतं,’ तो हळूच म्हणाला.

‘सत्काराला उत्तर देताना बोल की,’ लालासाहेब म्हणाले आणि पाहुण्यांच्या स्वागताला गेले.

उत्तर देताना तो निकालाचं सोडून जे बोलला त्याला टाळ्या पडल्या. मग हलगी वाजवत लोणंद स्टेशनपर्यंत वरात गेली. सांगलीला सरांची सही घेऊन तिथूनच पुढे जातो, असं त्याने सांगितलं होतं. सांगलीपर्यंतचं खरं होतं.

आता सहा महिने तोंड लपवायचं कुठे? कॉलेजात लोणंदची पोरं, शेजारच्या कुपवाडच्या कारखान्यात मामेभाऊ. उरलं जत. आपल्याकडचं माणूस टँकरच्या मुलखात कशाला तडमडतंय, असं म्हणून तो माडग्याळच्या पुढे एका वस्तीवर बिरदेव नावाच्या मेंढपाळाकडे जाऊन राहिला. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून एकदाची पहिली विहीर बघायला गेला. त्याच्या कागदावर त्या विहिरीला बारमाही पाणी होतं. विहिरीत बाभूळ उगवली होती, आणि तिच्या सावलीला दोन शेरडं बसली होती. काठावर उभ्या उभ्या त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. सगळे जुने तक्ते त्याने चुलीत घातले आणि साठ विहिरी पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

कन्नड तो चार महिन्यांत शिकला. जर्मनला दोन वर्षं देऊनही तोंड उघडत नव्हतं, पण इथे कन्नड बोलल्याशिवाय कुणी विहीर दाखवेना आणि बिरदेवचा म्हातारा बाप सिद्धू भाकरीही वाढेना. वस्तीवर त्याला मास्तर म्हणू लागले.

आई, शालूबाई, रोज दुपारी फोन करायची. ‘थंडी हाय का रं तिकडं?’

‘लय हाय,’ वीरधवल तापलेल्या पत्र्याखाली घाम पुसत सांगायचा.

पाचव्या महिन्यात वस्तीवर एक जीप आली. गावच्या यात्रेत मिरवायला म्हणून लालासाहेबांना इथला नावाजलेला माडग्याळी मेंढा हवा होता, आणि सोबत धोंडिराम होता. बिरदेव बाजारला गेलेला. म्हातारा सिद्धू सौद्याला बसला की कन्नडशिवाय अक्षर काढत नसे. त्याने मास्तरला हाक मारली. डोक्याला टॉवेल, दाढी वाढलेली, उन्हाने करपलेला वीरधवल खोपटातून बाहेर आला.

धोंडिराम बघतच राहिला. ‘आवं दादा, ह्यो तर आपला वीरधवल!’

लालासाहेबांनी पोराला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ‘वीरधवल जर्मनीत हाय,’ ते म्हणाले. ‘फ्लेक्स तूच लावलायस न्हवं?’

आपलाच फ्लेक्स खोटा म्हणायची धोंडिरामची तयारी नव्हती.

सौदा सुरू झाला. बाप मराठीत बोलायचा, पोरगा ते कन्नडमध्ये म्हाताऱ्याला सांगायचा. म्हाताऱ्याने किंमत अशी धरून ठेवली की लालासाहेब जीपकडे वळले. तेव्हा वीरधवल म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून कन्नडमध्ये म्हणाला, हे माझे वडील आहेत. पाच महिन्यांत त्याने खरं सांगितलं ते तेवढंच. म्हाताऱ्याने दोघांकडे पाहिलं आणि मेंढ्याचा कासरा लालासाहेबांच्या हातात दिला, मागतील त्या भावात.

‘चांगलं बोलतोस, मास्तर,’ लालासाहेब म्हणाले. ‘कुठं शिकलास?’

‘हितंच.’

‘घरी कोण कोण असतंय?’

वीरधवलने मेंढा उचलून जीपमध्ये चढवला. जीप निघून गेली.

त्या आठवड्यात साठावी विहीर मोजून झाली. एकही आकडा खोटा नव्हता. पेन ठेवतोय तोच आईचा फोन आला.

‘आबा म्हणत हुतं, जर्मनीत ऊन लय हाय. टोपी घालत जा, बाळा.’

‘आणि काय म्हणालं?’

‘काय बोलत्यात व्हय ते? त्यो मेंढा आणल्यापासनं येशीतनं येईनात. फ्लेक्स बघाया नगं म्हणून मागच्या वड्यातनं वाट काढत घरला येत्यात. तू कवा येणार, ते तेवढं रोज इचारत्यात.’