तळघरातल्या टिपा

"थांबा, तळघर बघितल्याशिवाय घर पसंत करायचं न्हाय," असे म्हणून बाई उजव्या कानातला इयरफोन बोटाने आणखी आत दाबत. तळघर म्हणजे पुस्तकातल्या तळटिपा. वरच्या मजल्यावर लेखक नुसता पाहुणचार करतो आणि खरे भांडण खाली चाललेले असते, हे त्यांचे लाडके मत होते.

मुरुमजवळच्या ज्या महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे, तिथे बाई इतिहास शिकवत. मूळच्या अणदूरच्या. जन्मापासून दृष्टी नव्हती. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर आम्ही ग्रंथालयाच्या एका संगणकात बसवून घेतला होता आणि दुपारचे तास संपले की त्या तिथे वाचायला बसत. त्या यंत्राचा वेग त्यांनी इतका वाढवला होता की इयरफोन निघाला तर टेबलावर ज्वारीच्या लाह्या फुटत असल्यासारखे वाटे. मराठीचे सर एकदा कान लावून म्हणाले, "बाई, ही भाषा तरी कोणती?"

"तुमचीच हाय वो, मराठी. फकस्त दम न घेता बोलतेय. तुमच्या तासाला पोरं झोपत्यात, हितं झोपायला सवड न्हाय."

एखादा जाडजूड ग्रंथ त्या कशा वाचत, हे पाहण्यासारखे होते. आधी मथळ्यांवरून उड्या मारीत सारे घर फिरून येत. मग मूळ मजकूर. वाटेत 'टीप' असा शब्द आला की एक कळ दाबून ती ओलांडत आणि प्रकरण संपल्यावर माघारी येऊन सगळ्या टिपा एकेक करून ऐकत. आपण डोळ्यांनी वाचणारे त्या बारीक अक्षरांकडे किती वेळा वळतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

त्यांच्यासाठी पुस्तके तयार करण्याचे काम माझे. पाने स्कॅन करायची, यंत्राकडून अक्षरे ओळखून घ्यायची आणि मग ती तपासायची. यंत्राला पानाचा तळ कळत नाही. ते टिपा उचलून वाक्याच्या मधोमध घालते. "तहसीलदाराने गावात येऊन पाहा परिशिष्ट दोन सारा माफ केला" असली वाक्ये तयार होत. बाई खळखळून हसत. मी प्रत्येक टीप वेगळी काढून तिच्या जागी ठेवत असे.

निजामकाळातील जमीन महसुलावरचा एक ग्रंथ त्यांना पीएच.डी.साठी हवा होता. त्याच्या शेवटच्या प्रकरणात टिपांनी निम्मी निम्मी पाने खाल्ली होती. मी थकलो होतो, हे खरे. पण माझ्या मनात आलेला विचार थकव्याचा नव्हता. 'इतके बारीकसारीक ऐकून यांना काय करायचे आहे?' असे मला वाटले. त्यांच्या वतीने मी ठरवून टाकले आणि त्या प्रकरणाच्या सगळ्या टिपा गाळल्या. वर आपण त्यांचा त्रास वाचवला, असे समाधानही करून घेतले.

"ह्या गृहस्थाचं तळघर शेवटाला रिकामंच की वो!" वाचता वाचता बाई म्हणाल्या. मी पुस्तकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवत होतो. मी "हं" म्हणालो.

लेखकाने शेवटच्या प्रकरणाला कसलाही पुरावा दिलेला नाही, अशी कडक टीका बाईंनी प्रबंधात केली. खुल्या मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो ग्रंथ उघडला आणि चार-पाच टिपा शांतपणे वाचून दाखवल्या. मग मृदू आवाजात म्हणाले, "ऐकून वाचताना असं व्हायचंच. तुमचा दोष नाही." सभागृहात हळहळ पसरली. ते गृहस्थ रागावून बोलले असते, तर बाई त्यांच्याशी भांडल्या असत्या. दयेशी भांडायचे कसे? मी शेवटच्या रांगेत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या आल्या. "सर, ती फाईल लावून द्या. मी कुठं घसरले ते मला बघायचंय."

मी दुपारपर्यंत वेळ मागून घेतला. दार लोटून बसलो आणि गाळलेल्या टिपा परत जिथल्या तिथे घातल्या.

दुपारी बाईंनी ते प्रकरण ऐकले. मग इयरफोन काढून त्या म्हणाल्या, "हाय की. समदं हितंच हाय. म्हंजे मीच उडी मारून पुढं गेले अन् माघारी आले न्हाय."

प्रबंधातले प्रकरण दुरुस्त केल्यावर पदवी मिळाली. पण लाह्या फुटायच्या थांबल्या. बाईंनी यंत्राचा वेग उतरवला. एकेक परिच्छेद दोनदा ऐकू लागल्या. मधूनच विचारत, "सर, ह्याच्या खाली अजून काही हाय का?" मी म्हणे, "नाही, एवढेच." ते उत्तर दर वेळी खरे असे, तरी त्या गेल्यावर मी ते पान पुन्हा पडताळून पाही.

मी गप्प का राहिलो? नोकरीची भीती होती असे म्हणणे सोपे आहे. "तुमच्यासारखं स्वच्छ काम कुणी करत न्हाय," असे बाई चारचौघांत सांगत. ते ऐकण्याची मला सवय लागली होती.

गेल्या वर्षी प्राचार्य ग्रंथालयात आले. सीमेवरच्या आपल्या गावांचा निजामकाळातील इतिहास महाविद्यालयाने काढायचा होता आणि तो बाईंनी लिहावा, अशी त्यांची इच्छा होती. मराठीचे सरही तिथेच होते. जुन्या कागदपत्रांची हजारो पाने वाचावी लागणार होती. हेच काम करण्याची स्वप्ने बाईंनी मला किती वेळा ऐकवली होती!

"न्हाय जमायचं, सर," बाई म्हणाल्या. "एवढं लांबलचक वाचायचं काम मला देऊ नका. माझा कान भरवशाचा न्हाय. एकदा तोंडघशी पडलेय."

"मग दुसऱ्या कुणाला विचारतो," म्हणून प्राचार्य उठले.

मी काहीतरी बोललो. माझे मलाही ते नीट ऐकू आले नाही.

"कोण? ग्रंथपाल? तोंडातल्या तोंडात काय बोलताय वो? मोठ्यानं बोला की."

"ते हितं मोठ्यानं बोलायचे न्हाईत, बाई," मराठीचे सर हसले. "शांततेची पाटी त्यांनीच लावलीय."

प्राचार्य दारात थबकले होते. मी उभा राहिलो आणि इतक्या वर्षांत त्या खोलीत कधी काढला नव्हता, तेवढा आवाज काढून बोललो.

"बाई, शेवटच्या प्रकरणातल्या टिपा मी गाळल्या होत्या. तुम्ही फाईल तपासायला मागितलीत, तेव्हा गुपचूप परत घातल्या. तुम्ही उडी मारली नव्हती. जे तिथं नव्हतं, ते तुम्हाला कसं ऐकू येणार? तुम्ही स्वतःला दोष देत राहिलात आणि मी तो देऊ दिला. मला माफ करा. तुमचा कान चुकला नव्हता, बाई."