निघताना विचारलेला प्रश्न

कुसुमबाई तेलंगणातल्या आदिलाबादला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. राहते मात्र भीमपूर मंडलात, पैनगंगेकाठच्या टाकळखेडीला. सकाळची एक बस थेट आदिलाबादला जाते, म्हणून तिची नोकरी आहे. शहरात खोली करायचा विषय निघाला की नवरा, उद्धवराव, म्हणतो, "जाय ना. मी अन् बैल मिळून भाकरी थापू." म्हणजे तिनं जाऊ नये.

गेल्या वर्षी शहर आणि भोवतालची गावं मिळून वाहतुकीचा एकच आराखडा करायचं ठरलं. काम प्रादेशिक नियोजन कार्यालयाकडे आलं. कोणत्या गावचा माणूस कुठं जातो हे कळल्याशिवाय नकाशावर रेघ कशी ओढायची? म्हणून त्यांनी थांब्याथांब्यावर विचारणारी माणसं पाठवली. टाकळखेडीला आली प्रीती. जैनथच्या एका मास्तरांची मुलगी, बौद्ध घरातली, हातात टॅब, तोंडात मराठी. तिनं आधी कुसुमबाईलाच गाठलं.

"मावशी, कुठी चालल्या?"

कुसुमबाई जागीच थबकली. शेजारच्या द्वारकाबाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"हे काय, इथंच," कुसुमबाई म्हणाली.

"इथंच म्हणजे? भीमपूरले?"

"हव, तसंच समज."

द्वारकाबाई गुडघा दाखवायला आदिलाबादच्या दवाखान्यात निघाली होती. तीही "इथंच" निघाली. मागे उभ्या चंपतचं शहरात कापसाच्या अडत्याकडे काम होतं. तो म्हणाला, "जवळच." घरातून निघालेल्या माणसाला कुठे चालला म्हणून टोकायचं नाही, टोकलं की काम मोडतं, हे त्या गावात लहान लेकरालाही कळतं. विचारायचंच झालं तर "लांब का?" म्हणतात, आणि त्यावरही कोणी गावाचं नाव घेत नाही. प्रीतीच्या घरी आजोबांनी असलं सगळं केव्हाच सोडून दिलेलं. तिला जे सांगितलं ते तिनं टॅबवर भरलं.

बसमध्ये जागा मिळाल्यावर द्वारकाबाई म्हणाली, "पोरगी गोड हाये. मायनं वळण नाही लावलं."

पावसाळा सरता सरता पंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. चंपतला तेलुगू वाचता येतं. त्यानं वाचलं, आणि मग पुन्हा एकदा वाचलं.

"आपल्या गावचे सारे लोकं भीमपूरलेच जातेत म्हणे. तं भीमपूरपावतर ऑटो, अन् तिथून शहराची बस. आपली बस काढून टाकली."

ऑटो भरल्याशिवाय हलत नाही. तोवर वसतिगृहातल्या मुली नाश्ता करून शाळेत गेलेल्या असतील. वॉर्डनबाईंनी कुसुमबाईला सांगून ठेवलं होतं, रोज उशीर व्हायला लागला तर मी दुसरी बाई पाहीन.

हरकती ऐकायला कार्यालयानं एक दिवस ठेवला होता. कुसुमबाई सुट्टी टाकून गेली. साहेब तेलुगू माणूस, तिच्याशी हिंदीत बोलला. "अम्मा, हमने अपने मन से नहीं निकाला. आपके गांव ने ही बोला."

"बोला साब. पर घर से निकले आदमी को कुठी जाते पूछे, तो कौन बताएगा?"

साहेबानं प्रीतीकडे पाहिलं. प्रीती कोपऱ्यात टॅब घेऊन बसली होती.

"मावशी, तुमी मले खोटं सांगतलं?"

"खोटं काऊन सांगीन? म्या सांगतलंच नाही. भीमपूर तं तूच म्हणली."

"मंग आता मी विचारू कशी?" प्रीती जराशी चिडली होती. मग तिला काही सुचलं. "वापस येणाऱ्याले विचारलं तं चालते का? कुठून आल्या म्हणून?"

"त्याले काय होते. काम झालेलं असते ना."

साहेबानं फेरपाहणी मंजूर केली. एवढंच म्हणाला, की आम्ही रेघ बदलू, बस सोडायची का नाही ते डेपो ठरवेल.

पुढचे काही दिवस प्रीती संध्याकाळच्या बसला उभी राहिली. आता तिला बोटं थांबवता येईनात. कोण आदिलाबादहून आला, कशाला गेला होता, भाव काय मिळाला, सगळं लोक आपणहून सांगायचे. द्वारकाबाईनं गुडघ्याचा एक्स-रे फोटोसुद्धा पिशवीतून काढून दाखवला. तो कुठे भरायचा हे टॅबला माहीत नव्हतं.

सुधारलेल्या आराखड्यात टाकळखेडीची रेघ थेट शहराकडे गेली. डेपोनं बस ठेवली, पण शहरात गर्दी नको म्हणून बाहेरच्या नव्या थांब्यापर्यंतच. तिथून कुसुमबाई पायी जाते. साडीचा काठ थोडा वर खोचून, भरभर. उपमा पूर्वीपेक्षा उशिरा उतरतो. वॉर्डनबाई दारात उभ्या राहून घड्याळ पाहतात. तोवर मुलींनी ताटं पुढे केलेली असतात, आणि कुसुमबाईचा हात उपमा वाढत असतो.