आजोबा म्हणाले की…

मला इंग्रजी येत नाही. माझी खोड मात्र इंग्रजीच्या शिकवणीतच मोडली.

झालं असं. सावेडीला पोराच्या फ्लॅटवर आम्ही म्हातारा-म्हातारी आलेलो. हिनं हौसेनं हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे केले. मी एक घास घेतला आन् सगळ्यांदेखत म्हणालो, "आमच्या आईच्या हाताची सर न्हाई!" (जिवंत बायकोची तुलना तिच्या मेलेल्या सासूशी करू नये, हे चौथीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.) झाला अबोला सुरू! आमचा नियम पक्का: जो आधी बोलला तो हरला. मी आजवर कधी हरलेलो नाही. (हिला विचारू नका.)

दुसऱ्या दिवशी हिनं पिशवीच भरली. निघाली भावाकडं, खर्ड्याला! हिच्याशिवाय मला चष्मा सापडत नाही, डोळ्यावर असला तरी! पण आधी बोलायचं कसं?

हॉलमध्ये सून शिकवणी घेत होती. सतरंजीभर पोरं. मी दिवाणावर, ही स्वैपाकघरात. मी खाकरलो.

"सूनबाई, तुझ्या सासूला सांग, दुपारच्या एस्टीला लई गर्दी असती."

"त्यांना म्हणावं, मी उभ्यानं जाईन!" आतून उत्तर आलं.

सुनेचे डोळे चमकले. "बघा रे, हेच आपलं इनडायरेक्ट, एकाचं बोलणं दुसऱ्यानं सांगायचं! सांगा, आजोबा काय म्हणाले?"

"आजोबा म्हणाले की एस्टीला गर्दी असते!" पोरं एका सुरात.

"आणि त्यांना म्हणायचंय काय?"

पुढची एक चिमुरडी टुणकन उठली. "आजोबा म्हणाले की आजी गेली तर ते रडतील!"

तेवढ्यात ही पिशवी घेऊन दारात! माझं डोकंच सटकलं आन् मी थेट हिलाच म्हणालो,

"अगं, खोटं हाय! मी असं म्हणालोच न्हाई!"

हिनं पिशवी खाली ठेवली.

"बोलले! आधी हेच बोलले!"

पोरांनी टाळ्या पिटल्या.

"मग काय म्हणायचं हुतं? आता सरळ मला सांगा," ही म्हणाली.

"जाऊ नको," मी दिवाणाकडं बघत म्हणालो.

संध्याकाळी ताटात पुन्हा शेंगोळे. साफ अळणी! (विसरली म्हणे.) ही पदर खोचून समोर उभी.

"मामा, कसे झालेत?" सुनेनं विचारलं.

मी घास गिळला. "सूनबाई, ते तुझ्या शिकवणीच्या पोरांनाच विचार. मी काय म्हणालो, ते माझ्यापेक्षा त्यांनाच बरं सांगता येतं!"