घासून काढलेलं घर

प्रबोधला फोटो काढायची सवय नव्हती. जन्म गेला सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर, तेलाच्या कारखान्यात पाइप जोडण्यात, आणि तिथं फोटोला बंदी, फाटकावरच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवत. पण बायकोची, सुलेखाची, स्मरणशक्ती दिवसेंदिवस कमी होत चालली होती. वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये तिनं एकच धोशा लावला होता, मला घरी न्या. नर्स म्हणाली, घराचे फोटो आणा, ओळख पटली तर जीव शांत होईल.

घर अजून हातात होतं, पण जेमतेम. सगळी वस्ती पाडायची ठरली होती. माणसं नव्या फ्लॅटमध्ये गेली होती, प्रबोधही. शनिवारी सरकारला किल्ली परत द्यायची होती. रस्त्यालगतची दुकानांची रांग ओसाड पडली होती. न्हावी गेला, शिंपी गेला, भाजीवाली गेली. बस थांब्यावर न थांबता पुढे जायची. उघडं होतं ते फक्त म्हाताऱ्या लिमचं कॉफीचं दुकान, तेही घरी सुनेशी पटत नाही म्हणून.

प्रबोध बादली, ब्रश आणि झाडू घेऊन आला. आयलंडवर काम संपलं की आधी जागा साफ, मग तपासणी, आणि त्यानंतर साहेब फोटो काढणार. तेलाचा थेंब दिसला तरी काम नापास. त्यानं दुकानांपुढची मोडकी खुर्ची, फुटक्या कुंड्या, कुणीतरी टाकलेली गादी ओढत मागं नेली. मग भाजीवालीचं शटर घासायला घेतलं.

"सरकारनं झाडूवाला म्हणून ठेवलंय का तुला?" लिमनं बसल्या जागेवरून आपल्या सिंगापुरी हेलात विचारलं. "मशीन येणार, सगळं पाडणार. कुणासाठी धुतोस, लाह?"

"बायकोसाठी. फोटोत घाण दिसते."

"मग मलाही धू. मीही फोटोत येईन."

प्रबोध हसला नाही. गंज निघेपर्यंत घासत राहिला.

मग वर, दुकानांवरच्या आपल्या घरात. शेगडीमागच्या भिंतीवर वर्षानुवर्षांच्या फोडणीचे पिवळे डाग होते. देव्हाऱ्याच्या जागी निरांजनाची काजळी छतापर्यंत चढली होती. दाराच्या चौकटीवर दर दसऱ्याला सुलेखानं लावलेल्या हळदीकुंकवाच्या बोटांचे थर बसले होते. सोडा, गरम पाणी, तारेची घासणी. खांदा भरून आला तरी त्यानं हात आखडता घेतला नाही. चौकट कोरी निघाली तेव्हा त्याला बरं वाटलं. खिडकीतून ऊन आत आल्यावर त्यानं फोटो काढले. एकही तिरका आला नाही.

फोटो छापून घेऊन तो नर्सिंग होममध्ये गेला. सुलेखानं एकेक फोटो जवळ धरून नीट पाहिला.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणाचं आहे?"

"आपलंच गं. हे बघ, तुझं स्वयंपाकघर."

"काहीतरीच सांगता. इथं कुणी कधी पोळी तरी भाजली असेल का?"

"आणि ही देव्हाऱ्याची भिंत."

"अहो, नुसती भिंत आहे ती." तिनं खालच्या दुकानांचा फोटो उलटा करून गादीवर ठेवला. "इथं माणसं राहतच नाहीत. तुम्ही दुसरीकडेच जाऊन आलात."

तिनं सगळे फोटो त्याच्या हातात परत दिले, पाहुण्याची वस्तू परत द्यावी तसे.

परतीच्या बसमध्ये प्रबोधच्या ध्यानात आलं. तिच्या हातची खूण जिथं जिथं होती, नेमका तिथंच त्यानं जोर लावला होता.

शुक्रवारी तो लिटल इंडियाच्या बाजारातून हळदकुंकू घेऊन पुन्हा त्या घरी गेला. बोटं ओली करून चौकटीवर टेकवली. ठसे उमटले, पण जाड, सारख्या अंतरावर, वेल्डिंगच्या टाक्यांसारखे. सुलेखाची बोटं बारीक, एक खाली, एक वर, घाईत लावलेली. त्यानं पुसून पुन्हा लावून पाहिले. पुन्हा तसेच आले. फोन बाहेर काढला आणि तसाच खिशात ठेवला.

मग फडकं ओलं करून चौकट पुसली. फार घासावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी किल्ली देऊन टाकली.