पिशव्यांच्या प्रदर्शनात पिशवी न्यायला मनाई

खराडीहून पापुआ न्यू गिनीला जायला व्हिसा लागत नाही. फक्त रिक्षावाल्याला रामवाडी मेट्रोपर्यंत यायला राजी करावं लागतं. व्हिसा त्यापेक्षा लवकर मिळत असेल.

पुण्यातल्याच एका विद्यापीठाच्या संग्रहालयात मेलानेशियाच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या वरच्या अंगाला असलेल्या बेटांवरच्या, आजच्या कलाकारांचं प्रदर्शन लागलं होतं. खरं सांगायचं तर मला बेटांशी देणंघेणं नव्हतं. मला अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घराबाहेर काढायचं होतं. आई गेल्यापासून ते सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये बसून होते. दूध, भाजी, सगळं दारात. आईनं विणलेली प्लॅस्टिक वायरची पिशवी स्वयंपाकघरात खिळ्याला होती, एका बंदाची वायर उसवलेली. मी एकदा तिच्यातून कांदे आणले, तर त्यांनी कांदे ओट्यावर ओतले, पिशवी धुऊन परत खिळ्याला लावली आणि आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्यांची भीती वाटत नव्हती, त्यांच्यासाठी वाटत होती.

"एवढ्या लांबच्या बेटांचं मला काय करायचंय?" अप्पा म्हणाले.

"फुकट आहे."

"मग चल."

डेक्कनहून रिक्षा केली. जाणार असाल तर सकाळी जा. दुपारी संग्रहालय बंद असतं, पुण्यात आल्यावर मुखवट्यांनाही वामकुक्षी लागते.

दारात रखवालदार एका परदेशी बाईंशी हुज्जत घालत होता. त्यांच्या कपाळावरून पट्टा गेलेला आणि पाठीवर रंगीत लोकरीची जाळीदार पिशवी.

"मॅडम, बॅग अलाउड नाही. बाहेर ठेवा."

त्या हसून आतल्या काचेकडे बोट दाखवत होत्या. काचेत अगदी तशीच पिशवी टांगलेली, खाली त्यांचं नाव.

"अहो, त्यांचंच प्रदर्शन आहे हे," अप्पा म्हणाले. "उद्या नवरदेवालाही पत्रिका मागाल!"

"नियम आहे, काका."

पिशवी बाहेर राहिली. कलाकार रिकाम्या हातानं आपली कला बघायला आत गेल्या. नियम म्हणजे नियम.

आत पत्र्याच्या डब्यांतून घडवलेले मुखवटे होते, झाडाच्या सालीच्या कापडावर रंगवलेले मोबाइल टॉवर होते. मी 'छान, छान' म्हणत पुढं सरकत होते. अप्पा मात्र पिशवीपाशीच थांबले. या पिशवीला बिलुम म्हणतात. तिच्यातून रताळी येतात आणि तान्ही बाळंही तिच्यातच झोपतात. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. अप्पांनी आपल्या जपून ठेवलेल्या इंग्रजीत विचारलं, "बाहेर ठेवलीत ती कुणी विणली?"

"आईनं. ती आता नाही."

"मग रोज वापरता कशाला? झिजेल की."

"झिजतेच. झिजली तेवढी मी पुन्हा विणते. आता आईचं कुठं संपतं आणि माझं कुठं सुरू होतं, मलाच सांगता येत नाही."

अप्पांनी यावर काहीच टोमणा मारला नाही. तेव्हा मला जरा धसका बसला. नंतर कॅंटीनमध्ये त्यांनी मिसळीला नावं ठेवली, तेव्हा जिवात जीव आला. (मिसळीचा रस्सा खरंच पाणचट होता. वडापाव घ्या.)

खराडीत परतल्यावर शेजारणीनं विचारलं, काय पाहिलंस? "पिशवी," मी म्हणाले. एवढा प्रवास करून पिशवी पाहिली म्हणताना मलाच हसू आलं.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात अप्पा, मेट्रोनं एकटे आलेले. हातात आईची पिशवी, तिच्यात मंडईतली मेथी आणि पेरू. आईची पिशवी हिरवी, उसवलेला बंद मात्र आता भडक केशरी वायरनं विणलेला आणि चांगलाच वाकडा. मला एकदम रडू आलं. ते लपवायला मी म्हटलं, "अप्पा, हे काय विणलंय? केवढं वाकडं!"

"हो का?" पिशवी माझ्या हातात देत ते म्हणाले. "मग दुसरा बंद सुटेल तेव्हा तू विण."