धबधब्याच्या वाटेवरचा चहा

दुष्काळानंतरच्या पहिल्या श्रावणात पालमच्या वरच्या डोंगरात धबधबा कोसळतोय असं ऐकलं आणि मी, शाळेत नवा लागलेला मास्तर, एसटीनं निघालो. उतरल्या उतरल्या एका पटकेवाल्यानं गाठलं. आडनाव काय, गाव कोणतं, नोकरी काय, लग्न झालंय का? "नाही," म्हणालो, तर गडी एकदम खूश. "चला गुरुजी, मी दावतो."

वाडीत शिरल्यावर मात्र त्यानं माझा अंत पाहिला. दर दोन घरं टाकून थांबायचा, पटका सोडून पुन्हा नीट बांधायचा आणि मला आत नेऊन बसवायचा. खाली मान घालून कुणीतरी मुलगी गुळाचा चहा आणायची. डोक्यात शेवटची एसटी, पोटात चहा डचमळतोय. "अहो, धबधबा!" मी म्हणायचो.

"हाय की. कुठं पळायलाय?"

वाडीच्या टोकाला आल्यावर त्यानं हळूच विचारलं, "मग? कोनती पसंत पडली?"

माझं डोकंच फिरलं. "मी पोरी बघायला नाही, पाणी बघायला आलोय!"

त्यानं पटका काढला आणि मटकन दगडावर बसला. वैतागायची पाळी आता त्याची होती.

"नुसतं पानी बघायला? एवढ्या वर?" समोरच्या कड्यावरून धबधबा पडत होता, तिकडं न बघताच त्यानं हात केला. "ते आपसूक खाली येतंय, गुरुजी. पोरींसाठी कुनालातरी वर यावं लागतंय."