तासाभराचं कोल्हापूर

कुणी माझ्यासमोर "विमानाने तासाभरात" असं म्हणालं ना, की माझं टाळकं सरकतं. म्हणे तासाभरात! घरातून निघाल्यापासून मोज की मेल्या.

माझ्या भाचीचं लग्न कोल्हापुरात होतं. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. शाळेची प्रत्येक सुट्टी तिने आमच्याकडे मुलुंडला काढली. आमच्यात मामा नवरीचा हात धरून तिला बोहल्यावर आणतो. लग्न ठरलं त्याच दिवशी तिने फोनवर बजावलं होतं, "मामा, तूच न्यायचंस हां मला. दुसऱ्या कुणाचा हात मी धरणार नाही."

मुहूर्त दुपारचा. बायको रुखवत घेऊन पहाटेच गाडीने निघाली. मीही त्याच गाडीतून जाणार होतो, पण मुलाने परस्पर विमानाचं तिकीट काढलं. "बाबा, आठ तास गाडीत तुमचे गुडघे टिकणार नाहीत. जन्मात एकदा तरी विमानात बसा ना यार." बापाला यार म्हणतो! आणि मीही हुरळलो.

मुलुंडहून अंधेरीला पोचेपर्यंतच जीव नकोसा झाला. पवईला रस्ता खणलेला, पुढे सिमेंटचा मिक्सर, मागे नुसते हॉर्न. विमानतळावर तपासणीत माझ्या पिशवीतून ओटीचा नारळ निघाला. "हे चालणार नाही," म्हणत तिथल्या माणसाने तो कचऱ्याच्या डब्यात टाकला, कुणाच्या तरी उष्ट्या सँडविचवर. शिसारी आली मला.

मग उशीर. कारण काय, तर "तांत्रिक". सांगणाऱ्या बाईचा आवाज इतका गुळचट, की कानांत बोळे घालावेसे वाटले. शेजारचा गृहस्थ मोजे काढून पायाची बोटं खाजवत होता, त्याच हाताने वेफर्स खात होता आणि वर मलाही "घ्या ना" म्हणत होता. शी!

बायकोचा फोन आला. "अहो, आम्ही साताऱ्याला मिसळ खाऊन निघालो. तुम्ही कुठे?"

"अंधेरीत."

पुन्हा फोन. "कराड मागे पडलं. तुम्ही?"

"अंधेरीतच."

"अगंबाई! अजून?"

ज्या रस्त्याला जन्मभर शिव्या घातल्या, त्याच रस्त्याने रुखवतातले लाडूसुद्धा माझ्या आधी पोचले. विमान एकदाचं उडालं आणि खरोखरच तासाभरात उतरलं. त्याचाच मला जास्त संताप आला.

कार्यालयाच्या दारात रिक्षातून उतरलो, तर माणसं पान खाऊन भिंतीवर पिंका टाकत होती. म्हणजे पंगत उठली होती.

बायकोने मला बाजूला घेऊन सांगितलं. गुरुजी घाई करत होते, पण पोरगी जागची हलेना. दाराकडे बघत उभी राहिली. मुहूर्त टळायला आला तेव्हा शेवटी हिनेच तिचा हात धरला आणि तिला बोहल्यावर नेलं.

मी भाचीसमोर गेलो. वाटलं, आता रडेल, भांडेल. भांडली असती तर फार बरं झालं असतं. तिने वाकून नमस्कार केला, मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि हसून विचारलं, "मामा, पहिल्यांदाच बसलास ना विमानात? कसं वाटलं?"

"झकास," मी म्हणालो, आणि हात धुवायचं निमित्त करून मोरीकडे गेलो.